इंजिनाखालचा काळा डाग

पाठप्रवेश

वाहनाच्या इंजिनातून ऑइल गळणे ही साधी गोष्ट वाटते. पण तिच्याकडे दुर्लक्ष केले किंवा घाईने चुकीचा उपाय केला, तर मोठे नुकसान होते. या पाठात एका शिक्षकाने स्वतःच्या हातून झालेली चूक मोकळेपणाने सांगितली आहे. गळती कशी ओळखावी, बोल्ट किती आवळावा आणि वापरलेल्या ऑइलचे काय करावे, याची माहितीही पाठात दिली आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी मोटारसायकल असेल, किंवा गल्लीत कुणाची तरी रिक्षा उभी राहत असेल. उद्या सकाळी ती गाडी जागेवरून हलली, की तिच्याखालची जमीन पाहा. जमीन कोरडी असेल, तर उत्तम. पण तिथे रुपयाएवढा काळा, तेलकट डाग दिसला, तर हा पाठ तुमच्यासाठीच आहे.

असा डाग एकदा माझ्या अंगणात पडू लागला. नुकतेच मी एका दुकानात गाडीचे ऑइल बदलून आणले होते. अम्मी रोज सकाळी फरशी पुसत आणि म्हणत, "तुझी गाडी आजारी आहे. कुणाला तरी दाखव." मी हसून म्हणायचो, "अम्मी, एक थेंब तर आहे!" असे म्हणून मी त्या डागाकडे कानाडोळा करीत असे.

एक थेंब म्हणजे किती, याचा आपण हिशेब करून पाहू. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. समजा, मिनिटाला एकच थेंब पडतो. दिवसाची मिनिटे १४४०. म्हणजे दिवसाला १४४० थेंब, अर्थात ७२ मिलिलिटर ऑइल. दहा दिवसांत ७२० मिलिलिटर! १०० सीसीच्या अनेक मोटारसायकलींत सुमारे एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी ऑइल असते. मग उरले किती? 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण तुम्ही शिकला आहात. पण थेंबे थेंबे तळे रिकामेही होते, हे मला उशिरा कळले.

इंजिनात ऑइल कशासाठी असते? इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० फेरे होतात. इतक्या वेगाने धातूवर धातू घासला, तर तो तापेल, झिजेल आणि शेवटी एकमेकांना चिकटून बसेल. ऑइल त्या दोन भागांच्या मध्ये पातळ पडदा धरते. ते आतली उष्णता वाहून नेते आणि धातूचा बारीक कीस व काजळी स्वतःमध्ये घेते. म्हणूनच नवे ऑइल मधासारखे दिसते आणि काही दिवसांनी काळे होते. ते काळे झाले म्हणजे त्याने आपले काम केले आहे, असे समजा.

जुने ऑइल काढण्यासाठी इंजिनाच्या तळाला एक बोल्ट असतो. त्याला ड्रेन बोल्ट म्हणतात. हा बोल्ट काढला, की सगळे ऑइल खाली येते. बोल्ट आणि इंजिन यांच्यामध्ये एक चपटी चकती असते. तिला वॉशर म्हणतात. वॉशर अल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, म्हणजे मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. बोल्ट आवळला की तो थोडा दबतो आणि दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक ओरखडे भरून काढतो. त्यामुळे ऑइलला बाहेर यायला वाट मिळत नाही. एकदा दबलेला वॉशर पुन्हा तितका दबत नाही. म्हणून ऑइल बदलताना नवा वॉशर बसवणे चांगले. त्याची किंमत अगदी थोडी असते.

आता माझी चूक ऐका. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी दहावीच्या परीक्षेसाठी मला दुसऱ्या गावी पर्यवेक्षक म्हणून जायचे होते. संध्याकाळी गाडीखाली वाकून पाहिले, तर ड्रेन बोल्ट ओला दिसला. मी म्हटले, बोल्ट सैल असणार! पाना लावला. बोल्ट जराही हलेना. मग मी पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा एक लांब तुकडा चढवला आणि दोन्ही हातांनी जोर केला. 'कट्' असा आवाज झाला. मला वाटले, बोल्ट आवळला गेला. पण आता तो बोटानेही गोल गोल फिरू लागला आणि थेंबांच्या जागी ऑइलची धारच लागली. आगीतून निघून मी फुफाट्यात पडलो होतो.

धारेखाली परात ठेवली, ऑइल संपू दिले आणि गाडी ढकलत मी चौकातल्या गॅरेजवर नेली. तिथले मिस्त्री वयाने मोठे आहेत. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी बोल्ट काढून माझ्या तळहातावर ठेवला. बोल्टच्या आट्यांत चांदीसारखी चमकणारी बारीक तार गुंडाळलेली होती. चाचा उर्दूत बोलत होते. मी त्यांचे बोलणे मराठीत सांगतो.

"सर, ही तार कसली आहे, ओळखा."

मला सांगता येईना.

"हे तुमच्या इंजिनाचे आटे आहेत. बोल्ट पोलादाचा आणि चेंबर अल्युमिनियमचे. पोलाद कडक, अल्युमिनियम मऊ. दोघांची कुस्ती लावली, तर हरणार कोण? बोल्ट पुन्हा विकत मिळतो. चेंबर महाग पडते."

मग त्यांनी वॉशर दाखवला. तो एक नव्हता, दोन होते! जुना वॉशर इंजिनाला चिकटून राहिला होता आणि ऑइल बदलणाऱ्याने त्याच्यावरच दुसरा बसवला होता. गळतीचे खरे कारण हे होते. बोल्ट सैल नव्हताच. मी मात्र कारण न शोधता त्याच्यावरच जोर केला. यालाच मराठीत म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी खजील झालो. तेवढ्यात माझे लक्ष बाजूच्या रिक्षाकडे गेले. तिचे इंजिन खोललेले होते. तिचा चालक पायरीवर गप्प बसला होता. चाचांनी त्या इंजिनातला पिस्टन उचलला आणि मला त्याच्यावरून बोट फिरवायला सांगितले. गुळगुळीत असायला हवा तो पिस्टन नांगरलेल्या शेतासारखा झाला होता. ही रिक्षाही बोल्टजवळूनच गळत होती. 'उद्या पाहू, उद्या पाहू' म्हणता म्हणता ऑइल संपले आणि रस्त्यात इंजिन जाम झाले. चालकाचे हातावर पोट. सकाळपासून एक फेरी झाली नव्हती, आणि बँकेचा हप्ता तोंडावर आला होता. तो एवढेच म्हणाला, "डाग तर रोज दिसत होता."

मित्रांनो, त्याने काहीच केले नाही आणि मी नको तितके केले. दोघांचेही नुकसान झाले. पण माझी फक्त गाडी बंद पडली होती. त्याची चूल बंद पडायची वेळ आली होती. तेव्हापासून कुठलाही लहान बिघाड दिसला, की मला त्याचा तो चेहरा आठवतो.

माझी गाडी त्या रात्री गॅरेजमध्येच राहिली. मी पहाटेच्या एस.टी.ने परीक्षेला गेलो. दुसऱ्या दिवशी चाचांनी माझ्यासमोर दुरुस्ती केली. आधी त्यांनी आटे पाडण्याच्या हत्याराला, म्हणजे टॅपला, ग्रीस लावले. त्यामुळे धातूचा कीस ग्रीसला चिकटतो, इंजिनात जात नाही. टॅपने त्यांनी थोड्या मोठ्या मापाचे नवे आटे पाडले. त्यांत पोलादी तारेची आटेदार गुंडाळी बसवली. तिला हेलिकॉइल म्हणतात. मग थोडे ऑइल आतून ओतून उरलासुरला कीस धुऊन काढला. जुन्याच मापाचा बोल्ट त्यात पुन्हा नीट बसला. मी विचारले, "चाचा, टेफ्लॉनची टेप किंवा एम-सील लावून भागले नसते का?" ते म्हणाले, "आज भागले असते. पण ते निघाले, तर भर रस्त्यात निघेल. आटे गेले असतील, तर आटेच द्यावे लागतात."

नळी लावल्याने एवढे नुकसान का झाले? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पान्यावर लावलेले बल आणि पान्याची लांबी यांचा गुणाकार केला, की बलाचा आघूर्ण मिळतो. पाना २० सेंटिमीटर लांब असेल आणि त्यावर सुमारे १२ किलोच्या वजनाइतका, म्हणजे १२० न्यूटन जोर दिला, तर आघूर्ण २४ न्यूटन-मीटर होतो. अनेक लहान मोटारसायकलींचा ड्रेन बोल्ट सुमारे २५ ते ३० न्यूटन-मीटरलाच पुरेसा घट्ट होतो. नळी लावून दांडा ६० सेंटिमीटरचा केला, तर त्याच जोराचा आघूर्ण ७२ न्यूटन-मीटर होतो, म्हणजे तिप्पट! आणि मी तर दोन्ही हात लावले होते. अति तेथे माती, ती अशी.

आता गळती दिसल्यावर काय करावे, ते क्रमाने पाहू. हे काम घरातील जाणत्या माणसाला सोबत घेऊनच करा.

१. आधी गळतीची जागा शोधावी. ऑइल नेहमी खाली ओघळते आणि ड्रेन बोल्ट सर्वांत खाली असतो. म्हणून वरच्या झाकणाजवळून गळणारे ऑइलही बोल्टवरूनच टपकते. इंजिन थंड असताना सगळा भाग कापडाने कोरडा पुसावा. त्यावर खडूची पूड लावावी आणि खाली पुठ्ठा ठेवावा. काही तासांनी पूड जिथे सर्वांत वर भिजलेली दिसेल, तिथून गळती सुरू होते.

२. बोल्टजवळच गळती असेल, तर आधी लहान पान्याने बोल्ट सैल आहे का, ते पाहावे. सैल असेल, तर बेताने आवळावा. नळी लावू नये.

३. तरीही गळती थांबली नाही, तर वॉशर बदलावा. त्यासाठी गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर उभी करावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑइल पातळ होऊन चांगले निघते. पण इंजिन खूप तापलेले असताना बोल्ट उघडू नये, हात भाजतो. सायलेन्सरपासूनही हात दूर ठेवावा.

४. खाली पसरट, स्वच्छ भांडे ठेवावे. बोल्टच्या मापाचाच रिंग पाना घ्यावा. सैल बसणाऱ्या पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात.

५. बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने उघडतो. पण त्याचे डोके जमिनीकडे असते. वरून वाकून पाहणाऱ्याला दिशा उलटी वाटते आणि तो सैल करायला जाऊन बोल्ट आणखी आवळतो. म्हणून आपण गाडीखाली झोपून वर पाहत आहोत, अशी कल्पना करावी आणि मग दिशा ठरवावी.

६. ऑइल निघाल्यावर जुना वॉशर बोल्टला की इंजिनाला चिकटला आहे, ते पाहावे आणि तो काढावा. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ कापडाने पुसावेत. वाळूचा एक कणही गळतीला वाट देतो.

७. नवा वॉशर घालून बोल्ट आधी बोटांनी फिरवावा. तो सहज फिरला पाहिजे. अडला, तर आटे तिरके लागले आहेत, असे समजावे. बोल्ट काढावा आणि पुन्हा सरळ लावावा.

८. मग पान्याने आवळावा. वॉशर दबत असताना हाताला मऊ लागते. नंतर बोल्ट घट्ट लागतो. तिथेच थांबावे. टॉर्क पाना असेल, तर गाडीच्या पुस्तिकेतला आकडा लावावा.

९. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइल, सांगितले आहे तेवढेच भरावे. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे. थोडे थांबून ऑइलची पट्टी पाहावी. मग बोल्टखाली कोरडा पुठ्ठा ठेवावा. सकाळी पुठ्ठा कोरडा असला, की काम झाले.

बोल्ट नुसताच फिरत असेल किंवा चेंबरला तडा दिसत असेल, तर हे काम घरी करू नये. गाडी चालू न करता मिस्त्रींकडे न्यावी.

एक गोष्ट राहिली. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीवर कधीही ओतू नका. ते पाण्यावर पसरते, जमीन बिघडवते आणि गटारातून नदीला मिळते. आमच्या मालेगावातून मोसम नदी वाहते. माझ्या गाडीचे ऑइल तिच्यात जावे, असे मला वाटत नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, झाकण लावून, जुने ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजवर द्यावे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. जुने ऑइल वारंवार कातडीला लागणे आरोग्याला चांगले नाही.

आज माझे अंगण कोरडे असते. अम्मी अजूनही फरशी पुसताना गाडीखाली डोकावतात आणि मला आठवण देतात. जुना बोल्ट मी शाळेत माझ्या टेबलावर ठेवला आहे. त्याच्या आट्यांत अजून ती चमकणारी तार आहे. एखादा विद्यार्थी गणित न समजताच घाईने उत्तर लिहू लागला, की मी तो बोल्ट त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "आधी कारण शोध. मग जोर लाव. आणि लागेल तेवढाच लाव."

शब्दार्थ

गळती – द्रव पदार्थ थेंबाथेंबाने बाहेर पडणे
आटे – बोल्टवरील किंवा छिद्रातील गोल फिरत जाणारे खाचे
पाना – नट-बोल्ट फिरवण्याचे हत्यार
आवळणे – घट्ट करणे
कीस – धातूचे किंवा लाकडाचे बारीक तुकडे
ओरखडा – घासल्यामुळे पडलेली रेघ
फुफाटा – गरम राख
पर्यवेक्षक – परीक्षेत देखरेख करणारा
बेताने – योग्य प्रमाणात, जपून

वाक्प्रचार व म्हणी

कानाडोळा करणे – मुद्दाम दुर्लक्ष करणे
खजील होणे – लाज वाटणे
हातावर पोट असणे – रोज कमावून रोज खाणे
आगीतून फुफाट्यात – एका संकटातून निघून दुसऱ्या संकटात
चोर सोडून संन्याशाला फाशी – दोषी सुटणे आणि निर्दोष माणसाला शिक्षा होणे
अति तेथे माती – कोणत्याही गोष्टीचा अतिरेक वाईट

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इंजिनातील ऑइल काळे का होते?
(आ) वॉशर मऊ धातूचा का असतो?
(इ) लेखकाच्या गाडीतील गळतीचे खरे कारण कोणते होते?
(ई) चाचांनी टॅपला ग्रीस का लावले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाची चूक आणि रिक्षाचालकाची चूक यांतील फरक सांगा.
(आ) "डाग तर रोज दिसत होता," या वाक्यातून रिक्षाचालकाच्या मनातील कोणती भावना कळते?
(इ) वापरलेले ऑइल गटारात का ओतू नये?

३. गणित करा.
एका गाडीतून दोन मिनिटांना एक थेंब ऑइल गळते. पाच दिवसांत किती मिलिलिटर ऑइल जाईल?

४. वाक्यात उपयोग करा.
कानाडोळा करणे, खजील होणे, हातावर पोट असणे.

भाषाभ्यास

(अ) पुढील वाक्ये वाचा.
बोल्ट बेताने आवळावा. गाडी सपाट जागेवर उभी करावी. ऑइल तेवढेच भरावे.
पुल्लिंगी शब्दाबरोबर 'आवळावा', स्त्रीलिंगी शब्दाबरोबर 'करावी' आणि नपुंसकलिंगी शब्दाबरोबर 'भरावे' असे रूप आले आहे. पाठातून अशी आणखी सहा वाक्ये शोधून लिहा.

(आ) दुकान, नुकसान, हिशेब, जमीन हे शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचे आहेत. पण लिंग सर्वांचे सारखे नाही. उर्दूत 'दुकान' स्त्रीलिंगी आहे, मराठीत 'ते दुकान' असे नपुंसकलिंगी आहे. 'नुकसान' उर्दूत पुल्लिंगी आहे, मराठीत 'ते नुकसान' म्हणतात. 'हिशेब' आणि 'जमीन' यांचे लिंग दोन्ही भाषांत तेच आहे. या चारही शब्दांची मराठीत वाक्ये करा.

उपक्रम

जवळच्या गॅरेजला किंवा यंत्रमागाच्या कारखान्याला शिक्षकांबरोबर भेट द्या. तेथील कारागीर वापरतात त्या दहा अवजारांची नावे व उपयोग वहीत लिहा. त्यांच्या कामात 'लागेल तेवढाच जोर' कुठे लावावा लागतो, ते त्यांना विचारा आणि वर्गात मराठीतून सांगा.